एक फोन हँडलला, एक फोन खिशात

दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्ते कोरडे होतात आणि बाइकवर सामान बांधून निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. कोणी सागरी महामार्गानं गोव्याला जातो, कोणी गडकोट करत फिरतो, कोणी पुढच्या जूनमधल्या लडाखच्या आधी सराव म्हणून चार-पाचशे किलोमीटर मारून येतो. नव्यानं टूरिंगला लागलेली मंडळी भेटली की टायर, जॅकेट, सॅडलबॅग यांच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास निघतो: रस्ता दाखवायला यंत्र कुठलं घ्यायचं आणि त्यावर खर्च किती करायचा?

माझं उत्तर ठरलेलं आहे. महागडं यंत्र घेऊ नका. घरात कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेला जुना स्मार्टफोन बाहेर काढा आणि तो हँडलला लावा. रोजचा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. पैसे घालायचे असतील तर चांगल्या माउंटवर आणि चार्जरवर घाला. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ नकाशासमोर बसा. ही शेवटची गोष्ट फुकट आहे, म्हणूनच बहुतेक जण ती टाळतात.

दोन फोन कशाला, असं लगेच विचारतात. हँडलवरचा फोन दिवसभर उन्हात तापतो, हादरे खातो, धूळ आणि पाऊस झेलतो, आणि स्क्रीन सतत चालू असल्यानं त्याची बॅटरी भराभर उतरते. संध्याकाळी एखाद्या घाटात गाडी घसरली, तर सगळ्यात आधी आपटतो तोच. आणि ११२ ला किंवा अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन नेमका त्याच वेळी लावायचा असतो. घरच्यांचे नंबर, पैशांचं अॅप, हॉटेलचं बुकिंग, गाडीची कागदपत्रं हे सगळं एकाच फोनमध्ये आणि तोच फोन हँडलवर, ही व्यवस्था मला कधीच पटली नाही. रस्ता दाखवणारा फोन गेला तर माणसाला विचारत घरी येता येतं. मदत मागणारा फोन गेला तर रात्री घाटात तुम्ही एकटे पडता.

जुन्या फोनला सिम कार्डाची गरज नाही. पुष्कळांना अजून वाटतं की रेंज गेली की जीपीएस गेलं. तसं नसतं. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत सतत पाठवत असतात. फोन ते फक्त ऐकतो, आणि किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा काढतो. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही, डेटा पॅक लागत नाही. रशिया, युरोप आणि चीन यांच्याही अशाच यंत्रणा आहेत, आणि गेल्या काही वर्षांतले बरेचसे फोन एकाच वेळी दोन-तीन यंत्रणा ऐकतात. आपल्या इस्रोच्या ‘नाविक’चा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. त्यातल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली, आणि आता नव्या पिढीचे उपग्रह एकेक करून जात आहेत. तेव्हा ‘नाविक’ चालतं का हे बघून फोन निवडू नका. ते नसलेला जुना फोनही घाटातला रस्ता व्यवस्थित दाखवतो.

नेट नसल्याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. पहिला म्हणजे, फोन बराच काळ बंद असेल तर जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रह सध्या कुठे आहेत ही माहिती त्याला एरवी नेटवरून चटकन मिळते. यावर उपाय सोपा आहे. सकाळी निघताना खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटं चालू करा, मोकळ्या आभाळाखाली निळा ठिपका स्थिर होऊ द्या, मग हेल्मेट घाला. दुसरा परिणाम मोठा आहे. जागा कळते, पण तिच्याखालचा नकाशा कोरा राहतो. तो नकाशा घरीच उतरवून घ्यावा लागतो.

नकाशाचं अॅप कुठलं, यावर रायडर लोक तावातावानं भांडतात. माझं मत असं की दोन ठेवा, आणि दोन वेगवेगळ्या घराण्यांतली ठेवा. एक गूगल मॅप्स. भारतात डिसेंबर २०१७ पासून त्यात दुचाकीचा वेगळा पर्याय आहे आणि तो निवडण्याची सवय लावून घेतलीच पाहिजे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. मोटारीचा पर्याय चालू राहिला तर अॅप तुम्हाला बिनदिक्कत त्यांच्या तोंडाशी नेऊन उभं करतं. मग दंड भरा, नाहीतर भरधाव गाड्यांच्या कडेनं मागे वळायचा धोका पत्करा.

दुसरं अॅप ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं असावं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात आणि तो कोणालाही मोफत वापरता येतो. त्यावर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही अॅप्स मुळातच नेटशिवाय चालण्यासाठी बनवलेली आहेत. एकदा महाराष्ट्र आणि गोवा उतरवून घेतला की फोनला पुन्हा नेट दाखवलं नाही तरी चालतं. ऑरगॅनिक मॅप्स साधं आहे, जुन्या फोनवरही बऱ्यापैकी पळतं. ऑसमँडमध्ये सोयी जास्त आहेत आणि शिकायला वेळही जास्त लागतो. गडांच्या पायवाटा, पाण्याची टाकी, लहान देवळं या नकाशावर पुष्कळदा चांगली असतात, कारण त्या भरणारे लोक स्वतः भटके आहेत. उलट हॉटेल, पंप, पंक्चरवाला शोधायचा तर गूगल उजवं. भारतीय कंपनीचं मॅपल्सही आहे. त्यातल्या गतिरोधकांच्या आणि चौकांच्या सूचना मोठ्या रस्त्यांवर उपयोगी पडतात.

आता आदल्या संध्याकाळी घरी करायची परीक्षा. जुन्या फोनवर गूगलमध्ये आपल्या वाटेचा सगळा चौकोन ऑफलाइन उतरवून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या अॅपमध्ये राज्य उतरवा. मग विमान मोड चालू करा, वायफाय बंद आहे ना ते बघा, लोकेशन चालू ठेवा, आणि गॅलरीत उभं राहून उद्याच्या मुक्कामाचा रस्ता काढून बघा. ठिपका येतो का? रस्ता निघतो का? नेट नसताना गूगल दुचाकीचा रस्ता देतं की मोटारीचा, हे त्याच वेळी डोळ्यांनी बघून घ्या. ताज्या रहदारीची माहिती आणि पर्यायी रस्ते नेटशिवाय मिळत नाहीत. शिवाय गूगलमध्ये उतरवलेला नकाशा ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य होतो. गेल्या दिवाळीत उतरवलेला नकाशा या दिवाळीत असेल असं धरून चालू नका. ही परीक्षा गॅलरीत झाली तर दहा मिनिटांचं काम आहे. ती भुईबावड्याच्या घाटात धुक्यात झाली तर तुम्ही तिथेच अडकता.

वाट आखताना फक्त शेवटचं ठिकाण टाकून सोडू नका. अॅपला लवकर पोहोचायचं असतं आणि तुम्हाला दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले असं किनाऱ्यानं जायचं असतं. मधली गावं थांबे म्हणून टाका. गूगलमध्ये मोजकेच थांबे टाकता येतात. त्यामुळे लांबच्या प्रवासात प्रत्येक दिवसाची वाट वेगळी आखून साठवावी. ऑसमँड वापरत असाल तर संगणकावर आखलेली वाट जीपीएक्स फाइल म्हणून त्यात उघडता येते. ग्रुपनं जाताना एकानं आखलेली फाइल सगळ्यांना पाठवली की पुढचा चुकला म्हणून मागचे चुकत नाहीत.

नावांच्या बाबतीत आपल्याकडे विशेष सांभाळावं लागतं. आंबा घाट कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबोली सावंतवाडीच्या वर, आंबेनळी महाबळेश्वर ते पोलादपूर. घाईत पहिली तीन अक्षरं टाइप केली आणि वर आलेलं नाव दाबलं, की दिवस गेला. वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजूच नका. गावाचं नाव टाकताना तालुक्याचं नाव जोडा. गडावर जायचं असेल तर गडाच्या माथ्यावर खूण लावू नका, पायथ्याच्या गावावर लावा. हरिश्चंद्रगडाचं घ्या. पाचनई नगरच्या बाजूला, खिरेश्वर माळशेजच्या बाजूला, बेलपाडा कोकणकड्याच्या खाली. माथा एकच, पण गाडी नेण्याच्या वाटा डोंगराच्या तीन बाजूंना. कुठल्या बाजूनं चढणार हे तुम्हीच ठरवायचं असतं, अॅप ते विचारत नाही.

खास बाइकसाठी बनवलेल्या यंत्रांविषयी विचारलंत तर ती चांगली आहेत यात शंका नाही. गार्मिनचं झूमो एक्सटी २०२० मध्ये अमेरिकेत ५०० डॉलरला आलं, त्याच्या पुढची आवृत्ती २०२३ मध्ये ६०० डॉलरला. भर उन्हात दिसणारा पडदा, हातमोजे घालून चालणारा स्पर्श, पाण्यापासून बचाव, हे सगळं त्यात आहे. वर्षाचे कित्येक महिने परदेशात, वाळवंटात, सीमा ओलांडत फिरणाऱ्याला ते शोभतं. पण आपल्याकडे गोवा, कर्नाटक, राजस्थान आणि एखादं लडाख करणाऱ्यानं तेवढी रक्कम त्यात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात चांगलं हेल्मेट, खरं रायडिंग जॅकेट आणि नव्या टायरची जोडी येते. हेल्मेट कामचलाऊ आणि हँडलवर झूमो, असा जो क्रम काही ठिकाणी दिसतो तो उलटा करा, एवढी कळकळीची विनंती आहे.

हल्ली फोनचं चित्र दाखवणारे पाच इंची पडदेही बाजारात आले आहेत. फोन खिशात राहतो आणि नकाशा पडद्यावर दिसतो, ही सोय खरी. पण त्यांना फोन चालू लागतोच, त्याची बॅटरी उतरतेच, आणि स्वस्तातल्या पडद्यांची उन्हातली चमक आणि पाण्याची झाकणं बेताची असतात. पहिली खरेदी म्हणून मी ते सुचवणार नाही. गाडीच्या मीटरमध्येच सोय असेल तर ती मात्र जरूर वापरा. रॉयल एनफिल्डनं २०२० मध्ये मीटिऑरबरोबर आणलेल्या ‘ट्रिपर’ या छोट्या पडद्यावर फक्त बाण आणि अंतर दिसतं. मला ते पुरेसं वाटतं, किंबहुना चालवताना त्याहून जास्त बघूच नये. नव्या हिमालयनच्या गोल पडद्यावर अख्खा नकाशा येतो. दोन्हींना रस्ता फोनकडूनच मिळतो, म्हणून तो फोन चार्ज राहील एवढं बघा.

माउंटवर मात्र काटकसर करू नका. पाचशे ते दीड हजारात धातूचा, चारही कोपऱ्यांतून फोन धरणारा, स्क्रूनं आवळता येणारा माउंट मिळतो. आपल्या हँडलचा नळा बावीस मिलिमीटरचा आहे की मधे जाड होणारा अठ्ठावीसचा, ते मोजून घ्या. स्कूटरला किंवा हँडलवर जागा नसलेल्या गाडीला आरशाच्या दांडीवर बसणारा माउंट लागतो. तो बसवल्यावर आरसा सैल होत नाही ना, हे पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पाना घेऊन तपासा. वरून रबराची जाळी किंवा फोनला बांधलेली बारीक दोरी असावीच. आपल्या रस्त्यांवरचा एखादा न दिसणारा गतिरोधक सगळ्या माउंटची परीक्षा घेतो.

हादऱ्यांचा धोका लोकांना खोटा वाटतो. अॅपल कंपनीनं सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोटारसायकलच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मोठ्या इंजिनाच्या गाडीवर फोन लावूच नये आणि स्कूटर-मोपेडवर लावायचा तर कंपन शोषणारा माउंट वापरावा, असा त्यांचा सल्ला आहे. अशी यंत्रणा अनेक अँड्रॉइड फोनमध्येही असते. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनावर हात कसे झिणझिणतात हे तुम्हाला माहीत आहे. तेच हादरे पन्नास-साठ हजारांच्या फोनच्या कॅमेऱ्याला दिवसभर का द्यायचे? जुना फोन लावण्याचं आणखी एक कारण हेच. त्याचा कॅमेरा बिघडला तर बिघडला. तरीही माउंटखाली रबरी बुशांचा कंपनरोधक तुकडा घ्या. फोन कमी थरथरतो आणि नकाशा नीट वाचता येतो.

जुना फोन निवडताना एक गोष्ट नक्की बघा. तो सपाट टेबलावर पालथा ठेवा. मागचं झाकण फुगलेलं असेल, फोन डुगडुगत असेल, तर त्याची बॅटरी फुगली आहे. तो फोन बाइकवर अजिबात नको. ऊन आणि चार्जिंग एकत्र आलं की अशी बॅटरी पेट घेऊ शकते. बॅटरी बदलून घ्या किंवा दुसरा फोन शोधा. फोन ठीक असेल तर त्यातली बाकीची सगळी अॅप्स काढून टाका, जागा मोकळी करा, सूचना बंद करा. नकाशावर मध्येच कुणाचा गुड मॉर्निंग येऊ नये.

वीज दोन मार्गांनी देता येते. गाडीला यूएसबी चार्जर बसवणार असाल तर तो दोन अँपिअर किंवा जास्तीचा, पाणी न जाणाऱ्या झाकणाचा घ्या. मॅप चालू असताना अर्ध्या अँपिअरचे जुने चार्जर पुरत नाहीत, आकडा खालीच येत राहतो. वायरिंगवाल्याला दोन गोष्टी ठणकावून सांगा: मधे फ्यूज हवा, आणि चावी बंद केली की चार्जरही बंद झाला पाहिजे. हेडलाइटच्या वायरला टोचून दिलेलं कनेक्शन घेऊ नका. वायर हँडलच्या वळणात ताणली जात नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. गाडी वॉरंटीत असेल आणि वायरिंगला हात लावायचा नसेल, तर दहा हजार एमएएचची पॉवर बँक टँक बॅगेत ठेवा. तिच्यातून प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच हाती लागतात, पण एका दिवसाला ते पुरतात. खिशातल्या फोनसाठी वेगळी पॉवर बँक असली तर उत्तम.

मार्च ते मे या दिवसांत दुपारी फोन तापून चार्जिंग थांबवतो, पडदा अंधुक करतो, कधी बंदच पडतो. अशा वेळी पारदर्शक पाऊच काढून टाका, त्यात हवा कोंडते. स्क्रीन बंद ठेवून फक्त आवाजावर चला. पावसात उलटं. पडद्यावर थेंब पडले की स्पर्श आपोआप होऊन नकाशा कुठल्या कुठे जातो, आणि चार्जिंगच्या तोंडात ओल गेली की फोन चार्जिंग नाकारतो. फोनवर पाण्यापासून संरक्षणाचा शिक्का असला तरी ती चाचणी शांत, गोड्या पाण्यात घेतलेली असते. ताशी साठच्या वेगात समोरून येणाऱ्या ताम्हिणीच्या पावसाची ती चाचणी नव्हे. पावसाळ्यात फोन टँक बॅगेत टाका आणि पुढच्या तीन वळणांची नावं पाठ करून निघा.

कायद्याचंही सांगतो. चालवताना हातात फोन धरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात येतं. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार रस्ता बघण्यासाठी फोन वापरता येतो, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीनं. नियम बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे बघितलं की तेहतीस मीटर रस्ता न बघता गेला. तेवढ्यात म्हैसही आडवी येते आणि एसटीही. म्हणून आवाजाच्या सूचना चालू करा. हेल्मेटमधला इंटरकॉम असेल तर छान, नसेल तर हेल्मेटच्या अस्तरात बसणारे पातळ स्पीकर पुरतात. कानात ठासून बसणारे इअरबड दोन्ही कानांत नकोत, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. आणि नकाशात काही शोधायचं, बदलायचं, टाइप करायचं असेल तर गाडी कडेला घ्या, स्टँडवर लावा. चालत्या गाडीवर बोटं फिरवणारा माणूस माझ्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला मी थांबवतो, मग तो वयानं मोठा असला तरी.

यंत्र कुठे चुकतं, ते ओळखायला शिका. गाडी उभी असताना नकाशावरचा बाण भलतीकडे तोंड करून असतो, कारण फोनचं होकायंत्र शेजारच्या लोखंडानं गोंधळतं. चौकात थांबून बाणावर विसंबू नका. हळूहळू थोडं पुढे गेलात की चालण्यावरून फोनला दिशा कळते. उड्डाणपुलावर आहात की खालच्या सर्व्हिस रोडवर, हे त्याला नीट कळत नाही. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर यामुळे फाटे हुकतात. घाटात एकाखाली एक वळणं असली की तुम्हाला तो खालच्या वळणावर दाखवतो. कशेडीच्या बोगद्यात संकेत जातो. या चुका किरकोळ आहेत आणि माहीत असल्या तर त्रास देत नाहीत.

मोठी चूक वेगळी आहे. नकाशावर रेघ आहे म्हणजे रस्ता आहे, असं धरून चालणं. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री नकाशाच्या भरवशावर अकोले तालुक्यातल्या पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. कोतुळकडून अकोल्याला जाणारा जुना पूल पाण्याखाली होता. वर्षातले काही महिने तो पाण्याखाली असतो हे तिथल्या माणसांना ठाऊक होतं. दोघे पोहून बाहेर आले, चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. दोन्ही गाड्यांमधल्या फोनवर रस्ता दिसत होता.

म्हणून माझा नियम असा: अंधार पडल्यावर अनोळखी आडरस्त्याला लागायचं नाही, फोननं कितीही मिनिटं वाचवून दाखवली तरी. आणि घाटात शिरण्याआधी शेवटच्या गावात थांबून चहा घ्यायचा आणि विचारायचं. वरंध घाट पावसाळ्यात प्रशासन वेळोवेळी बंद करतं, कुठे दरड येते, कुठे काँक्रीटचं काम निघतं. भोरच्या चहावाल्याला ते सकाळीच कळलेलं असतं. किनाऱ्यानं जाताना वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी, म्हणजे जंगलजेट्ट्या, वाटेत येतात. नकाशा त्यांची तुटक रेघ दाखवतो, पण शेवटची फेरी किती वाजता, आज भरती-वाऱ्यामुळे बंद आहे का, हे जेट्टीवरच कळतं. मुक्कामाचं गाव खाडीच्या पलीकडे असेल तर हे आधी विचारून घ्या, नाहीतर समोर दिसणाऱ्या गावाला पोहोचायला रात्री कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो. विचारतानाही “हा रस्ता अमुक गावाला जातो ना?” असं विचारू नका, माणूस सौजन्यानं हो म्हणतो. “अमुक गावाला कसं जायचं?” असं विचारा आणि पुढच्या फाट्यावर दुसऱ्याला पुन्हा विचारा.

मैलाचे दगड वाचत चला. वरचा रंग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. तुम्ही मुंबई-गोवा महामार्गावर आहात असं फोन म्हणतोय आणि दगडाचा माथा केशरी आहे, तर दगडावर विश्वास ठेवा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, ते निघण्याआधी पुरेसे दिवस ठेवून करून घ्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. परदेशातल्या नातेवाइकाकडून सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला इनरीच बाळगल्याबद्दल पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. उपग्रहाचं ऐकणाऱ्या जीपीएसला बंदी नाही, उपग्रहाशी बोलणाऱ्या यंत्राला आहे. त्यापेक्षा दररोज संध्याकाळी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, हे घरी लिहून ठेवा आणि रोजची वाट घरच्यांना पाठवा.

सगळा हिशेब मांडला तर माउंट, कंपनरोधक तुकडा, चार्जर किंवा पॉवर बँक आणि एक चांगली केबल मिळून तीन-चार हजारांत काम होतं. फोन घरातलाच, नकाशे फुकट. पुढच्या सहलीची तारीख ठरली असेल तर या रविवारीच जुना फोन शोधा, त्याचं झाकण फुगलेलं नाही ना ते बघा, चार्जिंगला लावा आणि रात्री विमान मोडवर पहिली वाट काढून बघा. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी नवा असेल तर त्यालाही शेजारी बसवा.